माशाच्या पिल्लातला उजेड

“बांगड्या काढू का गं?” काकीनं विचारलं.

संयोगिता जिन्यातच थबकली. सांगलीतल्या त्या संशोधन संस्थेच्या पहिल्या मजल्यावर, प्रयोगशाळेच्या दाराशी ठेवलेल्या बाकावर तिची चुलती मनुबाई बसली होती. लग्नकार्याला नेसायचं मोरपंखी इरकल, डोक्यावरून पदर, मांडीवर कापडी पिशवी. कऱ्हाडच्या पलीकडं एकटीनं कधी पाऊल न टाकलेली ही बाई उंब्रजहून दोन एसट्या बदलून, माणसांना विचारत विचारत इथवर आली होती.

“काकी? तू हितं कशी? आन तात्या कुटं हायत?”

“त्यास्नी न्हाई सांगितलं. भनीकडं जाते म्हनून निघाले. मागं हात मोडला तवा फोटू काढताना बांगड्या काढाय लावल्या हुत्या न्हवं, म्हनून इचारलं. चल, दाव तुजं मशीन.”

संयोगिताला भरून आलं. येणारच. चाळिशीला टेकलेली, कऱ्हाडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवणारी, उरलेल्या दिवसांत एसटीनं सांगलीला येऊन माशांच्या पिल्लांवर प्रयोग करणारी बाई ती. तिच्या कामाची चौकशी कोण करणार? कॉलेजात ती ‘सीएचबीच्या मॅडम’ होती आणि नातेवाइकांत ‘लग्न राहिलेली’. काकी तेवढी फोनवर पहिलं हेच विचारायची, “तुज्या माशांचं कुटवर आलं गं?” तिकडं म्हैस व्यालेली असो, तिच्या नवऱ्याचा, तात्यांचा, गुडघा सुजलेला असो, आधी मासे. संयोगिता चौथीत असताना तिची आई गेली, वडील फौजेत. तेव्हापासून हिला न्हाऊमाखू घालून शाळेत धाडणारी काकीच. आज म्हातारी स्वतःहून काम बघायला आली म्हणताना हिला आपण कुणीतरी झाल्यासारखं वाटलं.

तिनं काकीला आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं आणि सूक्ष्मदर्शकापुढच्या स्टुलावर बसवलं. काचेच्या बशीत झेब्रा माशाचं पिल्लू पडलं होतं. पापणीच्या केसाएवढं, आणि इतकं आरपार की काळजाची फडफडसुद्धा बाहेरून दिसावी. याच गुणासाठी जगभरच्या प्रयोगशाळा हा मासा पाळतात.

“इथं डोळा लाव. हां. आता निळा लाइट टाकते.”

“आगं बया!” काकी स्टुलावरच उडाली. “काजवाच की गं!”

“काजवा न्हवं. पोटापाशी हिरवं चमकतंय बघ. तितं कॅन्सरच्या पेशी हायत, आमीच टोचल्यात. त्या पेशींत एक रसायन लय असतं. माझा रंग त्याला भेटला की चमकतो. बाकीच्या अंगात नुसता गप पडून ऱ्हातो.”

“पेशी माशाच्याच?”

“न्हाई, माणसाच्या. कुणा एका बाईच्या छातीच्या कॅन्सरच्या. तिला जाऊन लय वर्सं झाली. तिच्या पेशी बाटलीत वाढवत्यात, जगभर वापरत्यात.”

काकीनं डोळा काढून घेतला. “बाई गेली, आन तिची गाठ अजून जित्ती हाय?”

“व्हय.”

काकीनं हिरव्या बांगड्या एकेक करून उतरवल्या, रुमालात बांधल्या, रुमाल पिशवीत घातला आणि ब्लाउजच्या हुकांना हात लावला.

“आता मी कुटं बसू? का निजायला लागतंय?”

“कशाला?”

“कशाला म्हंजी? ह्येच्यासाठनंच तर थांबले मी इतके दीस.”

तिनं पदर बाजूला केला. खोलीत एक वास पसरला. ब्लाउज डावीकडून मुद्दाम सैल शिवलेला होता. आत जुन्या धोतराची घडी होती आणि तिच्यावर ओला डाग. घडी उचलली तर खाली गाठ म्हणावी असं काही उरलं नव्हतं. कातडी फाटून तिथं जखम झाली होती.

“काकी! कवापास्नं हाय ह्ये?”

“तुज्या सत्काराच्या आदीपास्नं. तवा बोराएवडी हुती. दुकत बी नव्हती.”

सत्काराची हकिगत आता सांगायलाच हवी, कारण सगळं तिथंच नासलं.

गेल्या श्रावणात त्या रंगावरचा शोधनिबंध परदेशातल्या एका नियतकालिकात आला. संयोगितानं कित्येक वर्षं घासून केलेलं काम ते. तिचे मार्गदर्शक उदयसिंह सर, कॉलेजातले तिचे विभागप्रमुखही तेच. त्यांचं नाव पहिलं आलं, त्यांच्या मर्जीतल्या एकाचं दुसरं आणि हिचं तिसरं. तेही आलं हेच उपकार. सरांनी कुणा ओळखीच्या वार्ताहराला चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक पानावर ठळक अक्षरांत झळकलं: ‘कॅन्सर दाखवणारा प्रकाश, उंब्रजच्या कन्येची कमाल’. बातमीत कॉलेज होतं, सर होते, सरांचा फोटो होता. मासा मात्र कुठंच नव्हता. मासा काढून टाकला की शोध केवढा मोठा होतो!

गावानं मग सोडलं नाही. सरपंच वीरधवल यांनी चौकात मांडव घातला, हलगीवाले आणले, फ्लेक्स लावला. फ्लेक्सवर मधोमध संयोगिताचा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून टाकला होता, त्यामुळं ती घाबरलेली दिसत होती. भोवतीनं पुढाऱ्यांची डोकी, ती मात्र व्यवस्थित हसत होती. शाल झाली, नारळ झाला, फेटा झाला. सरांनी अर्धा तास खाल्ला. ‘क्रांतिकारी’ हा शब्द त्यांनी इतक्या वेळा वापरला की शेवटी समोरची पोरं त्यांच्याआधी म्हणू लागली.

मग संयोगिता उठली. तिनं भाषण नीट तयार करून आणलं होतं: हे संशोधन प्राथमिक अवस्थेत आहे, ते फक्त माशांच्या पिल्लांवर झालं आहे, माणसापर्यंत यायला कदाचित पंधरा-वीस वर्षं लागतील, कदाचित ते येणारही नाही. चार वाक्यं झाली आणि समोर ताडपत्रीवर बसलेल्या बायका जांभया देऊ लागल्या. पहिल्या ओळीत काकी होती. आपली पोर काहीतरी मोठं बोलते आहे एवढंच तिला कळत होतं, आणि कळत नाही हे लपवायला ती प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. ते संयोगिताला बघवलं नाही. तिनं कागद मिटला आणि काकीकडं बघून घरच्या बोलीत म्हणाली, “आमचा रंग आंगात गेला की जितं वाईट गाठ हाय तितं उजेड पडतो. सुई नको, कापाकापी नको!”

मांडव उठला. शिट्ट्या, टाळ्या, आणि हलगीवाल्याला वाटलं भाषण संपलं. त्यानं कडाडून वाजवायला सुरुवात केली. “पण ह्ये अजून माणसांत न्हाई, लय वेळ लागंल,” हे संयोगिता त्याच दमात म्हणाली होती. माइकवर म्हणाली होती. पण ते हलगीत बुडालं, आणि हलगी थांबवून परत सांगावं इतकं ते तिला त्या वेळी महत्त्वाचं वाटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिच्यासाठी हलगी वाजवत होतं.

आता त्या भागात एक समजूत फार घट्ट आहे. गाठीला सुई टोचली की गाठ खवळते आणि अंगभर पसरते. अमक्याची सासू सुई लावली आणि तीन महिन्यांत गेली, तमक्याची बहीण तशीच. त्या दोघी आधी दोन-दोन वर्षं गाठ लपवून बसल्या होत्या, हे कुणी सांगत नाही. पदराखाली बोराएवढी गाठ घेऊन बसलेल्या बाईला, तिनं स्वतः वाढवलेली पोर माइकवरून सांगते की सुई नको. ती दुसऱ्या कुणाचं कशाला ऐकेल?

“म्हनलं, परक्या बाप्याकडं कापून घेन्यापरीस आपल्या पोरीच्या उजेडात बघू,” काकी अंधाऱ्या खोलीत समजावत होती. “तुजं काम पुरं हुईस्तवर दम धरू. आदी बोलले आसते तर तुज्या जिवाला घोर, आन काम ऱ्हायलं आसतं. पर आता फुटलीया ती. शेजारच्या मंगलला ब्लाउज सैल शिवाय सांगितला, तरी डाग पडाय लागलं. तात्यांच्या नजरंला यायच्या आत म्हनलं जाऊन येऊ.”

“म्हणून फोनवर माशांचं इचारत हुतीस?”

“मग? मला मेल्या त्या माशांचं काय करायचंय?”

संयोगिताच्या कामाची एकच माणूस आस्थेनं चौकशी करत होतं, आणि ते माणूस तिकडं गाठ घेऊन दिवस ढकलत होतं. दरवेळी हिनं काय उत्तर दिलं होतं? “चाललंय काकी, बरं चाललंय.” म्हातारीनं त्यावर आणखी आठवडाभर कळ काढलेली असणार.

“काकी, ह्या मशिनीत माणूस मावत न्हाई गं.”

“मग मोटं कुटं हाय?”

“मोठं न्हाईच.”

काकीनं तिच्याकडं बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात. लहानपणी संयोगितानं बाजारातून चुकीचं काही आणलं की ती जशी बघायची तसंच बघितलं, आणि ब्लाउजचे हुक लावून घेतले. बांगड्यांचा रुमाल पिशवीतच राहिला.

त्याच दुपारी संयोगितानं तिला तिथल्या एका हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, दमलेल्या होत्या आणि तपासून झाल्यावर चिडल्या.

“आजी, इतके महिने काय करत होता?”

काकीनं एकवार संयोगिताकडं बघितलं. “रानात कामं हुती बाई. भांगलणी चालल्या हुत्या.”

“आणि तुम्ही? तुम्ही तर शिकलेल्या दिसता. काय करता?”

“रसायनशास्त्र शिकवते,” संयोगिता म्हणाली. कशावर संशोधन करते ते तिनं सांगितलं नाही.

सुई टोचावी लागली, आणि संयोगितानं हात धरला म्हणून काकीनं ती टोचून घेतली. नंतर रोग कुठवर गेला आहे ते बघायला स्कॅन सांगितला. त्यात शिरेतून औषध देतात, तासभर निजवून ठेवतात आणि मग यंत्रात घालतात. औषध रोगाच्या जागी गोळा होतं आणि चित्रात तेवढ्या जागा पेटलेल्या दिसतात. संयोगिताच्या रंगाशी त्याचा सुतराम संबंध नव्हता. ती पद्धत हिच्या आधी कितीतरी वर्षांची, वेगळ्या लोकांची, वेगळ्या विद्येची. आणि ती सांगलीत होती. गाठ बोराएवढी होती तेव्हाही ही सगळी यंत्रं इथंच होती.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर चित्र लावलं, तेव्हा काकीनं चष्मा काढून पुसला आणि परत घातला. काळ्या आकृतीत पिवळे ठिपके पडले होते. छातीत, काखेत, मणक्यात, कमरेच्या हाडात, यकृतात.

“ह्येच न्हवं तुजं?” काकीचा चेहरा उजळला. “आंगात गेलं, आन जितं तितं उजेड पडला! तू म्हनलीस तसंच की गं!”

डॉक्टरीणबाईंनी प्रश्नार्थक बघितलं. संयोगिता त्या ठिपक्यांकडंच बघत होती. आता खरं सांगून हिच्या पदरात काय टाकायचं? मरण तर पडद्यावर मांडलेलंच होतं.

“व्हय काकी,” ती म्हणाली. “ह्ये आमचंच.”

“बघा बाई,” काकी डॉक्टरीणबाईंना सांगू लागली, “आमच्या पोरीनं काढलंय ह्ये. गावानं सत्कार केला.” मग पुन्हा पडद्याकडं वळून तिनं विचारलं, “एवडा उजेड पडला, म्हंजी चांगलंच म्हनायचं न्हवं?”

पुढचं लांबवण्यात अर्थ नाही. औषधं झाली, केस गेले, कंबर गेली. जोवर वाचा होती तोवर काकी भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला उशाशी बसवून सांगायची की, माझा फोटो माझ्या पोरीच्या उजेडात काढला, सांगलीच्या डॉक्टरनीसुदिक मान डोलावली. दुखणं वाढलं की जरा जास्तच सांगायची. संयोगिता चहा घेऊन यायची, ऐकायची आणि कप ठेवून आत जायची. तात्या, म्हणजे तिचे चुलते नाथाजी, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, सगळी हयात फारसं न बोललेले. ते एकदा उंबऱ्यात बसून म्हणाले, “उशीर झाला खरा. पर घरातल्या पोरीचं शिक्शान तिच्या उपेगी आलं, ह्येवडं तरी झालं.” त्यांना तेवढाच आधार होता. संयोगितानं तोही तसाच राहू दिला.

गौरी-गणपती उरकले आणि काकी गेली.

माणसांना बसायला काही मिळेना, तेव्हा कुणीतरी माळ्यावरचा सत्काराचा फ्लेक्स काढून अंगणात अंथरला. इतर घरांत जुने फ्लेक्स वैरणीवर नाहीतर गोठ्याच्या कुडाला लागतात. काकीनं हा घडी घालून, वर गोणपाट टाकून जपून ठेवला होता. संयोगिता दारातून बघत होती. फोटोतल्या तिच्या कपाळावर भावकीतल्या म्हाताऱ्या बसल्या होत्या आणि हनुवटीवर कुणाचं तरी लेकरू बिस्किट खात होतं. तिला त्याचं काही वाटलं नाही. उलट जागच्या जागी गेलं असंच वाटलं.

दहाव्याच्या आदल्या दिवशी शेजारची मंगल परसात तिच्यामागं आली. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज शिवणारी मंगल, चाळिशीच्या आतली, दोन लेकरांची आई. काकीचा सैल ब्लाउज तिनंच शिवला होता.

“ताई, वीरधवल सरपंच म्हनत हुते, तुजं शिबिर घ्यायचंय गावात. बायकांचं. तुज्या उजेडाचं. कवा हाय?”

“कसलं शिबिर? का गं?”

मंगलनं इकडंतिकडं बघितलं आणि संयोगिताचा हात धरून आपल्या काखेच्या खाली, पदराच्या आत नेला. बोटांना लागली. टणक, जराशी हलणारी, सुपारीएवढी.

“काकींची मापं घेता घेता मला बी माजी गवसली,” मंगल म्हणाली. “तवापास्नं जीव थाऱ्यावर न्हाई.”

“मंगल, उद्याच्या उद्या सांगलीला चल माझ्याबरोबर. सुई लावून बघत्यात, लगेच कळतं. लवकर हाय तवर बरं हुतं.”

“नगं गं बाई! सुई नगं!” मंगलनं हात मागं घेतला. “सुई लावली की पसरतंय. काकींना बी सुई लावली आन मगच त्या आडव्या पडल्या, समद्या गावानं बघितलंय. मी शिबिराला थांबते. तुज्या उजेडातच बघू की. तूच म्हनली हुतीस न्हवं, सुई नको म्हनून?”

संयोगितानं समजावून बघितलं, दटावून बघितलं. मंगल मान हलवत राहिली. काकींचा फोटू तुझ्याच उजेडात काढला हे स्वतः काकींनी सांगितलं होतं, आणि मरणाच्या दारातली बाई खोटं बोलते का?

तेव्हा संयोगितानं सरांना फोन केला. सर, वर्तमानपत्रात निदान एक खुलासा द्या, हे माणसांसाठी नाही म्हणून.

“मॅडम, तुमच्या घरी दुःखाचा प्रसंग आहे, तुम्ही आत्ता या भानगडीत पडू नका,” सर मायेनं म्हणाले. “आपला पुढचा प्रकल्प मंजुरीला गेलाय. आणि बातमी त्यांनी छापली, आपण थोडीच छापली? तुमच्या तासिकांचं मी बघतोय पुढच्या सत्रात. काळजी करू नका.”

दहाव्याला कृष्णेकाठी सगळा गाव जमला. आमच्याकडं दहावा म्हणजे निम्मा विधी आणि निम्मी सभा. पिंडाचं उरकलं की माइक येतो, आणि ज्याला त्याला श्रद्धांजलीच्या निमित्तानं चार शब्द बोलायचे असतात. सोसायटीचे चेअरमन बोलले, माजी सभापती बोलले. मनुबाई ही बाई कोण होती हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं. मग वीरधवल सरपंच उठले.

“काकी गेल्या, पण जाता जाता गावाचं नाव करून गेल्या,” ते म्हणाले. “आपल्या डॉक्टर संयोगिताताईंनी शोधलेल्या प्रकाशातच त्यांचा आजार दिसला. काकींच्या स्मरणार्थ आपण गावातल्या माता-भगिनींसाठी ताईंचं मोफत शिबिर घेणार आहोत. सुई नाही, चिरफाड नाही! तोवर कुणी घाबरून इकडंतिकडं जायचं कारण नाही.”

तात्या पंचा पांघरून पुढं बसले होते. ते सावकाश मान डोलवत होते. पलीकडं बायकांत मंगल होती, आणि ती संयोगिताकडंच बघत होती.

संयोगिता उठली. दहाव्याला बायका माइक धरत नाहीत, त्यामुळं सरपंचांना आधी वाटलं तिला भोवळ आली. तिनं त्यांच्या हातातून माइक घेतला.

“सरपंच बोलले ते खोटं हाय,” ती म्हणाली. “माझा उजेड माणसांत पडत न्हाई. तो पापणीच्या केसाएवढ्या माशाच्या पिल्लात पडतो, बास. काकीचा फोटू हॉस्पिटलच्या मशिनीत काढला. त्यात माझं काय बी न्हाई. मी तिला खोटंच सांगितलं. सत्काराला सुई नको म्हणाले ती बी मीच. त्या बोलण्यावर इसंबून ती नऊ महिनं गाठ घेऊन घरात बसली. बोराएवढी हुती तवा सांगलीला आली असती तर आज जित्ती असती. ती सुईनं न्हाई मेली. ती माझ्यासाठनं थांबली, म्हणून मेली. शिबिर-बिबिर काय हुणार न्हाई. जिला कुणाला गाठ असंल तिनं थांबू नका. उद्या सकाळी मी पहिल्या गाडीला उंब्रजच्या स्टँडवर हाय.”

या वेळी हलगी नव्हती. प्रत्येक शब्द काठावरच्या शेवटच्या माणसापर्यंत गेला. कुणीतरी खाकरलं. एका पोरानं मोबाइल उंच धरून हे सगळं टिपलं होतं. संध्याकाळपर्यंत ते सरांपर्यंत पोचलं, आणि तासिकांचं काय ते तेव्हाच ठरलं.

माणसं पांगली. तात्या जाग्यावरनं उठले नव्हते. संयोगिता त्यांच्यापाशी जाऊन उकिडवी बसली.

“तात्या...”

“मेल्यावर तरी तिचा मान ठिवायचा हुतास,” तात्या नदीकडं बघत म्हणाले. “माजी बायकू येडी हुती, फसली, ह्ये समद्या गावाला माइकवरनं सांगितलंस. जा तू आता.”

“तात्या, मंगलला...”

“जा म्हनलं.”

त्यांचा आवाज चढला नाही. फौजेत शिकलेला माणूस हुकूम हळूच देतो. संयोगितानं त्यांच्या पायांना हात लावला, तेव्हा त्यांनी पाय मागं घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उंब्रजच्या स्टँडवर पिशवी घेऊन उभी होती. पहिली गाडी आली, गेली. चहाच्या टपरीवरची माणसं तिच्याकडं बघून आपसात बोलत होती आणि तिनं बघितलं की गप्प होत होती. दुसरी गाडी आली. कंडक्टरनं “येताय का, मॅडम?” म्हणून विचारलं. तीही गेली. कुणी येणार नाही हे संयोगिताला कळून चुकलं होतं, पण परत जायलाही आता घर उरलं नव्हतं. म्हणून ती उभी राहिली.

मंगल आली तेव्हा ऊन स्टँडच्या फरशीवर आलं होतं. डोक्यावरून घट्ट पदर, दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. येऊन ती बाकाच्या टोकाला बसली. वर बघितलं नाही.

“समदा गाव तुला शिव्या द्यायलाय,” ती म्हणाली. “मी बी दिल्या. रातभर दिल्या. काकी किती चांगल्या हुत्या, आन तू त्यांचं असं केलंस.”

“दे. पण चल.”

“पैली सुईच लावत्यात?”

“व्हय. पैली सुईच.”

“आन पसरलं तर?”

“सुईनं न्हाई पसरत. थांबलं की पसरतं.”

मंगलनं पदरातून हात बाहेर काढून पिशवी सावरली, तेव्हा संयोगिताला तिची मनगटं दिसली. दोन्ही मोकळी होती. नवरा धडधाकट घरात असलेली बाई भरल्या गावातून मोकळ्या मनगटांनी चालत आली होती. म्हणून ते पदरात गुंडाळलेले हात.

“बांगड्या?”

“काकी म्हनल्या हुत्या, तितं काढाय लागत्यात. त्यांनी बी काढल्या हुत्या न्हवं?”

मंगलनं पिशवीतून रुमाल काढून दाखवला. संयोगितानं तो घेतला आणि मांडीवर सोडला.

“सुईला बांगड्या काढायला लागत न्हाईत,” ती म्हणाली. “हात दे.”

मंगलनं हात पुढं केला. शिलाई मशीन चालवून तिची बोटं जाड, राठ झाली होती, बांगडी हाडापाशी अडत होती. संयोगितानं तिचा अंगठा आत दाबून धरला आणि पहिली बांगडी सावकाश चढवली, मग दुसरी. तिसरी गाडी फाट्यावरून वळताना दिसली, तेव्हा दुसरा हात अजून व्हायचा होता.

“थांबा हो!” ती कंडक्टरला ओरडून म्हणाली, आणि मंगलचा दुसरा हात हातात घेतला.